मिरजेचा भोपळा, गिफूचा कंदील: कारागिरीत बदल कुठे करावा?

रेखाटन, सांगली
नमस्कार. मी वस्तुरचनाकार असून मिरजेच्या तंबोरा-कारागिरांसोबत भोपळ्याचे घरगुती दिवे करण्याच्या विचारात आहे. जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामु नोगुची यांनी १९५१ साली जपानमधील गिफूच्या कागदी कंदिलांवरून ‘अकारी’ दिवे घडवण्यास सुरुवात केली, तो माझ्यापुढचा आदर्श आहे. त्यांनी परंपरेतले नेमके काय बदलले आणि काय तसेच ठेवले?

वास्तुविशारद, सातारा
त्यांनी कृती बदलली नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. लाकडी साचा उभारायचा, त्यावर बांबूची बारीक कामटी गुंडाळत न्यायची, झाडाच्या सालीपासून केलेल्या वाशी कागदाच्या पट्ट्या तिच्यावर चिकटवायच्या आणि सारे वाळल्यावर साचा सुटा करून आतून काढून घ्यायचा, ही रीत कारागिरांचीच राहिली. घडी होऊन चपटा होण्याचा गुणही मूळ कंदिलाचाच आहे. बदलले ते आकार, आणि मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा आला. नोगुची १९८८ मध्ये वारले, तरी गिफूच्या ओझेकी कारखान्यात हे दिवे आजही हातानेच होतात. एका प्रदर्शनापुरते काम देऊन निघून जाणाऱ्या रचनाकाराला हे साधत नाही.

तारा-खुंटी, मिरज
ताई, आमच्या घरात वाद्ये होतात, म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. तंबोऱ्याला योग्य असा मोठा, भरीव सालीचा भोपळा सहज मिळत नाही. तो दिव्यासाठी कापू नका. आकारात वाकडे निघालेले किंवा लहान राहिलेले भोपळे मागा, त्यांना तुमच्यामुळे किंमत येईल. दुसरे म्हणजे आम्ही चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश करतो आणि चपडा उष्णतेने मऊ पडतो, तेव्हा आत कमी तापणारा एलईडी दिवाच बसवावा आणि हवेला वाट ठेवावी.

मागवाला, सांगली
कृती न बदलण्याच्या साताऱ्याच्या मताला एक जोड द्यावीशी वाटते. तंत्र कधीच बदलू नये, असे मुळीच नाही. क्योटोतील होसो हे १६८८ पासूनचे विणकर घराणे; किमोनोच्या पट्ट्याचे कापड साधारण ३२ सेंटिमीटर रुंद असते, ते भिंतींना आणि आसनांना पुरत नाही, म्हणून त्यांनी १५० सेंटिमीटर रुंदीचा माग स्वतः विकसित केला. तो बदल माग जाणणाऱ्या घरातूनच झाला. म्हणून आपण रेखाचित्र पक्के करून नेण्याऐवजी दिव्याची गरज कारागिरांपुढे मांडावी, पहिला नमुना त्यांनाच ठरवू द्यावा आणि त्या नमुन्याचीही पूर्ण मजुरी द्यावी.