टक्केवारीचा दाखला: तुमचे अनुभव लिहा

रानजाई
काल घरकामाला येणाऱ्या मावशींनी मोबाईल पुढे केला. "ताई, पोराचं ते यूडीआयडीचं, अपंगांच्या ओळखपत्राचं, तेवढं भरून द्या, सेतूवाला नुसता उद्या ये म्हणतो." स्वावलंबनच्या साइटवर आधार, फोटो, सही चढवता चढवता दादाच आठवला.

दादाला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला. डावा पाय. आईने त्याला लहानपणापासून एकच शिकवलं, लोकांसमोर लंगडायचं नाही. मांडीवर हात दाबून, कंबर सावरून तो असा चालायचा की नवख्या माणसाला पटकन कळायचंही नाही. कॉलेजच्या वेळी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. १९९५ चा कायदा तेव्हा नवाच होता. तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड बुधवारी बसायचं. चढायला उतार केलेला, पण त्यावर स्टाफच्या लुना लावलेल्या. डॉक्टर म्हणाले, "चालून दाखव." आणि हा पठ्ठ्या २६ जानेवारीच्या संचलनाला निघाल्यासारखा चालला! आई मागून दबक्या आवाजात, "अरे नीट चालू नको रे मेल्या."

पस्तीस टक्के लिहिले. चाळीसच्या खाली म्हणजे कागद हातात, उपयोग काही नाही. मग आई जी भडकली! डब्याच्या पिशवीची सुतळी सोडली, त्याची पँट वर केली आणि दोन्ही पोटऱ्यांना गुंडाळून डॉक्टरांना फरक दाखवला. टेप मागवून परत मोजलं. पंचेचाळीस झाले.

तुमच्याकडे काय झालं? फॉर्म भरताना काय अडलं तेही लिहा.

खडूस_काका
आई जिंकल्या 🙏

माझं ऐका. विटीदांडूत एक डोळा गेला, सातवीत होतो. दुसरा ठणठणीत. एक डोळा पूर्ण गेला तर ३० टक्के, असा हिशोब आहे. म्हणजे एसटीत सवलत नाही, नोकरीत राखीव जागा नाही, काही नाही. बोर्डातल्या डॉक्टरांना म्हटलं दुसराही अधू करून आणू का? हसले बिचारे, चहा पाजला. आता नव्या नियमात ४० च्या खालच्यांना पांढरं कार्ड मिळतं म्हणे, ४० ते ८० ला पिवळं, त्यावर निळं. काढून ठेवलंय. पाकिटात बरं दिसतं.

सुगरण_७
फोटो इतक्या केबीत, सही तितक्या केबीत... मी शेवटी भाच्याला बसवलं. बाकीचं संध्याकाळी लिहिते, कुकर लावलाय.

आईची_फौज
माझा मुलगा स्वमग्न (ऑटिझम) आहे. पहिला दाखला तात्पुरता मिळाला, मुदत संपली की परत तपासणी. दरवेळी तेच प्रश्न. बोलतो का, जेवतो का, कपडे घालतो का. त्याच्यासमोर "नाही नाही नाही" म्हणायचं. घरी वर्षभर त्याला "तुला येतं, तुला येतं" म्हणायचं आणि तिथे जाऊन उलट. रानजाईताई, तुमच्या आईचं "नीट चालू नको" वाचलं आणि रडूच आलं, खरंच.

एकदा बुद्ध्यांकाच्या चाचणीला त्याने ठोकळे अगदी बरोबर रचले. एरवी हात लावत नाही! मॅडम म्हणाल्या, "छान." मी मनात म्हटलं, आजच का रे बाळा.

ज्यांची मुलं स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा मतिमंद आहेत त्यांनी निरामय हा आरोग्य विमा जरूर काढा, एक लाखापर्यंत आहे, आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत. आणि मूल अठराचं झालं की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत! कलेक्टरांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. हे मला बँकेतल्या शिपायाने सांगितलं, कोणा साहेबाने नाही.

निवृत्त_बाबू
आरोग्य खात्यात होतो, म्हणून थोडी दुसरी बाजू. बोगस दाखल्यांनी बोर्डाला संशयी केलंय. खरा माणूस समोर असला तरी आधी हा नाटक करतोय का हे बघायची सवय लागते. वाईट आहे पण आहे.

दोन व्यंगं असतील तर लोक बेरीज करून येतात. पायाचे ४०, कानाचे ३०, झाले ७०. तसं नसतं. मोठा आकडा धरायचा, तो ९० मधून वजा करायचा, त्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं, आणि ते मोठ्यात मिळवायचं. म्हणजे साधारण ५७ येतात. हे समजावता समजावता माझी नोकरी संपली.

खडूस_काका
बाबूजी, हे गणित दहावीला असतं तर मी अजून दहावीतच असतो.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडे सिकलसेल, रक्ताचा आजार. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातचे एकवीस प्रकार झाले, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. कागदावर आले. पण माझी पुतणी दिसते धडधाकट. रांगेतल्या बाया विचारतात, "तुला काय झालं गं, तू कोणासोबत आली?" दुखणं उठलं की पोरगी रात्र रात्र तळमळते, सांधे धरून बसते. पण बोर्डाच्या दिवशी नेमकी हसत खेळत. दुखणं तारीख विचारून येत नाही ना.

सुगरण_७
आले. सासूबाईंचं संजय गांधी निराधार योजनेच्या पैशांचं सांगते. पायाचा दाखला ६० टक्क्यांचा होता, तिथे प्रश्न नव्हता. अडलं उत्पन्नाच्या दाखल्यावर. दिव्यांगांना कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत लागतं, बाकीच्या निराधारांना २१ हजार. आता पन्नास हजार म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारसुद्धा नाहीत! घरात एक रोजंदारीवर जाणारा असला तरी ओलांडतं. तलाठी अप्पा चांगले, म्हणाले वहिनी, खरं लिहिलं तर बसत नाही आणि खोटं मी लिहीत नाही. मग सासूबाईंचं रेशनकार्ड वेगळं केलं. त्यालाच पावसाळा गेला. आधी महिन्याला दीड हजार यायचे, २०२५ मध्ये दिव्यांगांचे अडीच हजार केले. त्या त्यातले दोनशे नातवाला देतात, ऐकत नाहीत.

खडूस_काका
नातवाचं नाव काय, मी पण नातू होतो 😄

मुक्काम_पोस्ट
आजोबांना कुष्ठरोग होऊन बरा झाला, पण बोटं गेली. पैसे खात्यात आलेत, यंत्रावर अंगठा उमटत नाही. केंद्रातला पोरगा "आजोबा, जोरात दाबा" म्हणतो. काय दाबणार? शेवटी बँकेतल्या ताईंनी डोळ्याचं यंत्र शोधून काढलं, कपाटात खोक्यात बंद होतं. ज्यांचे ठसे येत नाहीत त्यांनी बुबुळाचं विचारा, सुरुवातीलाच विचारा.

आईची_फौज
हे मावशींसाठी लिहून ठेवा हो.

कोयनाकाठ
थोडं अवांतर. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्याकडे एका वर्षी सगळ्यांना स्टीलचे डबे वाटले. माझ्या काकांना दिसत नाही, त्यांना काठी हवी होती. डबा मिळाला, झाकणाचा. काकूंनी त्यात साखर भरली, विषय संपला. ग्रामसभेत उठून विचारा, लेखी मागा, नाहीतर डबेच येतील.

रानजाईताई, दादा आता काय करतात?

रानजाई
जिल्हा परिषदेत आहे. राखीव जागेवरच लागला, त्या पंचेचाळीसवर. वहिनी अजून चिडवते, दहा टक्के सासूबाईंनी सुतळीने मिळवले म्हणून. साइडव्हीलवाली स्कूटर आहे, सगळा तालुका पालथा घालतो.

वऱ्हाडी_ठेचा
ती चाकं कुठं बसवून भेटतात? मामेभावाला पाहिजेत.

रानजाई
दादाने साताऱ्यात गॅरेजवाल्याकडे बसवली. पण आधी आरटीओची परवानगी घ्यायची, मग चाकं. उलटं केलं तर नोंद करताना बसा बोंबलत.

वऱ्हाडी_ठेचा
बरं. शनिवारी आरटीओत जातो मग, त्याला सुट्टी असते.

निवृत्त_बाबू
पाच दिवसांचा आठवडा झाला ना भाऊ. शनिवार विसरा, सोमवारी सकाळी जा.