मदत हवी आहे : गॅरेजच्या कोब्यात मुरलेले इंजिन ऑइल कसे काढावे?

नमस्कार. घराच्या गॅरेजमध्ये मी मारुती ८०० चे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन उघडले आहे. सुट्या भागांची व्यवस्था नीट लागली आहे. घासकाम मात्र मी दाराबाहेरच करतो, कारण वाळूचा एक कण बेअरिंगमध्ये गेला तरी सगळी मेहनत वाया जाते.

अडचण जमिनीची आहे. ऑइल फिल्टर काढताना तेल ट्रेबाहेर ओघळले आणि सिमेंटच्या कोब्यात मुरले. लाकडाचा भुसा रात्रभर पसरून ठेवला, मग धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून ताठ ब्रशने घासले. वरचा चिकटपणा गेला, पण काळा डाग राहिला, आणि दुपारी कोबा तापला की बोट फिरवल्यावर पुन्हा तेल लागते. शेजारीच स्वयंपाकघराची खिडकी असल्याने रॉकेल किंवा पेट्रोल वापरायचे नाही; भरपूर पाणीही ओतता येत नाही, कारण ते थेट परसातल्या विहिरीकडे उतरते. जळके ऑइल कॅनमध्ये वेगळे साठवले आहे.

पुढे जमिनीला एपॉक्सीचा लेप द्यायचा आहे, पण तेल मुरलेल्या किंवा ओल धरलेल्या सिमेंटवर तो टिकत नाही, पापुद्रे सुटतात. म्हणून ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांना विचारतो : आत मुरलेले तेल कमीत कमी पाण्यात कशाने ओढून काढावे, आणि तेवढा भाग लेप देण्याजोगा झाला आहे की फोडून नव्याने कोबा घालावा लागेल, हे कशावरून ओळखावे?