उत्तर: बफरमधून चार बाइटचा पूर्णांक वाचताना
प्रश्न असा: बफरमधले, म्हणजे मेमरीत सलग ठेवलेले, चार बाइट जोडून एक पूर्णांक कसा वाचायचा? एका उत्तरात सुचवलंय तसं बफरचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) थेट इंट पॉइंटरमध्ये कास्ट करू नका, म्हणजे तो पूर्णांकाचाच पत्ता आहे असं मानायला लावू नका. पत्ता चारच्या पटीत नसेल तर काही प्रोसेसरवर प्रोग्रॅम तिथेच कोसळतो, आणि बाइटचा क्रम मशीनवर अवलंबून राहतो. ००, ००, ०१, ०२ हे चार बाइट बिग एंडियनने (सर्वात मोठ्या किमतीचा बाइट आधी) २५८ होतात, लिटल एंडियनने (सर्वात लहान किमतीचा आधी) थेट ३,३६,१९,९६८! त्यापेक्षा फॉरमॅटमध्ये ठरलेल्या क्रमाने एकेक बाइट शिफ्ट करून (त्याचे बिट डावीकडे आपल्या जागी सरकवून) ऑर करा, म्हणजे बिट एकत्र जोडा. सी मध्ये २४ बिट सरकवण्याआधी बाइट ३२ बिटी अनसाइन्डमध्ये (ऋण संख्या नसलेल्या प्रकारात) कास्ट करा, नाहीतर १२८ किंवा त्याहून मोठा बाइट साइन बिटवर, म्हणजे धन की ऋण हे दाखवणाऱ्या बिटवर, जातो. जावात बाइट साइन्ड (ऋणही होऊ शकणारा) असतो, म्हणून आधी २५५ शी अँड (फक्त खालचे आठ बिट ठेवणं) हवंच. ते विसरलं की २४० चा उणे १६ होतो आणि वरचे सगळे बिट १ होऊन बसतात. आणि हो, वाचण्याआधी बफरमध्ये चार बाइट उरलेत ना, ते तपासा.