मुलाच्या अमेरिकेतल्या एचएसए खात्यातून कोल्हापुरातल्या दवाखान्याचं बिल भरता येतं का?

रंकाळा_फेरी
मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. त्याच्या एचएसए (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट) खात्यात नऊ-एक हजार डॉलर साठलेत आणि तो पैसा दवाखान्यासाठीच असतो म्हणे. इथे माझं वय ६४, मंडळींचं ६१. त्यांना दहा वर्षं शुगर आहे आणि डावा गुडघा बदलायला सांगितलाय. घाई नाही, वर्ष-दीड वर्षात केलं तरी चालेल असं सर्जनचं मत. मेडिक्लेम कधी काढलेला नाही. पतसंस्थेत चार लाखांची ठेव आहे, महिन्याला साडेबारा हजार बाजूला टाकता येतील. घरात आई आहे, वय ८३.

त्या खात्यातून गुडघ्याचं बिल भागेल का? नसेल तर तसलं खातं इथल्या बँकेत उघडता येतं का? की सरळ मेडिक्लेम काढावा?

फॉर्म_सोळा
काका, पहिल्याचं उत्तर नाही.

एचएसएचा पैसा करमुक्त खर्च करता येतो तो खातेदार, त्याचा जोडीदार आणि अमेरिकी करकायद्यात बसणारे आश्रित यांच्यावर. आई-वडील आश्रित ठरू शकतात, पण त्यासाठी ते अमेरिकेचे नागरिक तरी हवेत किंवा अमेरिका, कॅनडा, मेक्सिको इथले रहिवासी तरी. कोल्हापुरात राहणारे भारतीय आई-वडील त्यात बसत नाहीत, मुलगा महिन्याला कितीही पैसे पाठवत असला तरी.

"कार्ड स्वाइप केलं तर कोण बघतंय" असा सल्ला देणारे भेटतील. खात्यातून काढलेल्या पैशाचा हिशोब त्याला दरवर्षी विवरणपत्रासोबत फॉर्म ८८८९ वर द्यावा लागतो. ६५ वर्षांच्या आत पैसा भलत्या कामाला गेला तर ती रक्कम उत्पन्नात धरतात आणि वर २० टक्के दंड लावतात. समजा तुमच्यासाठी ४,००० डॉलर काढले आणि तो २२ टक्क्यांच्या टप्प्यात आहे. कर ८८०, दंड ८००. हातात राहिले २,३२०, त्यातून राज्याचा कर असेल तर तो वेगळा. त्यापेक्षा पगाराच्या खात्यातून पैसे पाठवू दे. मुलाने आई-वडिलांना दिलेली रक्कम भारतात तुमच्या उत्पन्नात धरली जात नाही. फक्त बँकेतूनच पाठवायला सांगा, तिकडे रोख भरून पाठवलेल्या रकमेवर २०२६ पासून १ टक्का कर आहे.

तो स्वतः सुट्टीला आला आणि इथे दाताचं रूट कॅनाल केलं, तर तो खर्च मात्र चालतो. कार्ड इथल्या मशीनवर चालेलच असं नाही, म्हणून आधी स्वतः भरायचे आणि नंतर खात्यातून घ्यायचे. इंग्रजीत पावती, त्यावर पेशंटचं नाव, तारीख, काय उपचार केला ते, आणि त्या दिवसाचा डॉलरचा भाव टिपून ठेवायचा. परत घ्यायला मुदत नाही. खर्च खातं उघडल्यानंतरचा असला की झालं.

डिडक्टिबल
दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. तसलं खातं भारतात नाही, पण त्यामागची रचना इथे जुळवता येते. ती आधी नीट कळायला हवी, कारण बरेच लोक एचएसएलाच विमा समजतात.

एचएसए २००४ पासून सुरू आहे आणि ते नुसतं उघडताच येत नाही. सोबत जास्त डिडक्टिबलचा विमा लागतो, म्हणजे ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च तुमचा आणि पुढचा कंपनीचा. २०२६ साठी हे डिडक्टिबल एकट्याला किमान १,७०० आणि कुटुंबाला ३,४०० डॉलर असावं लागतं. खात्यात वर्षाला एकट्याने ४,४०० आणि कुटुंबाने ८,७५० डॉलर टाकता येतात. थोडक्यात खालचा खड्डा स्वतःच्या पैशाने भरायचा आणि वरचा डोंगर विम्यावर सोडायचा.

इथे त्या विम्याच्या जागी सुपर टॉप-अप (डिडक्टिबलच्या वरचाच खर्च देणारा विमा) घ्यायचा आणि डिडक्टिबलएवढा निधी आपला आपण साठवायचा. नुसता टॉप-अप घेऊ नका. त्यात प्रत्येक दाखल्याचा खर्च वेगळा मोजतात. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या खर्चाची बेरीज धरतात. पाच लाख डिडक्टिबल असेल आणि वर्षात तीन-तीन लाखांची दोन बिलं झाली, तर टॉप-अपमधून शून्य मिळतात, सुपर टॉप-अपमधून एक लाख.

एक गोष्ट हमखास विसरते. पहिले पाच लाख तुम्ही खिशातून भरले तरी ते कंपनीला दाखवावे लागतात. डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, चिठ्ठीसकट औषधांची बिलं, रिपोर्ट, सगळं जपायचं. रक्कम पाच लाखांच्या आत राहील असं वाटलं तरी दाखल झाल्याचं कंपनीला पॉलिसीत लिहिलेल्या वेळेत कळवायचं. नंतर बिल वाढलं की "आधी का कळवलं नाही" इथेच गाडी अडते.

आता तुमच्या गुडघ्याचं. नवीन कुठलीही पॉलिसी काढा, दीड वर्षात गुडघा त्यात बसणार नाही. ऑपरेशन आधीच सुचवलंय म्हणजे तो जुना आजार झाला, आणि त्याला जास्तीत जास्त ३६ महिने थांबवायची कंपन्यांना मुभा आहे. शुगरचंही तेच. म्हणून पतसंस्थेतले चार लाख गुडघ्यासाठी धरा आणि पॉलिसी त्याच्या पुढच्या आजारपणांसाठी काढा. साडेबारा हजारांची आरडी ३६ महिने केली की मुद्दल साडेचार लाख, साडेसहा टक्के व्याज धरलं तर पाच लाखांच्या आसपास जाते. प्रतीक्षाकाळ संपायला आणि निधी भरायला गाठ पडते.

शिरोली_नाका
वरचं गणित कागदावर छान आहे, पण त्या तीन वर्षांत काय? गुडघ्याला चार लाख गेल्यावर निधीत पहिल्या वर्षाअखेर दीड लाख असणार आणि डिडक्टिबल पाच लाखांचं. मध्येच काकांना हार्ट अटॅक आला तर साडेतीन लाख आणायचे कुठून? नुसता सुपर टॉप-अप हा भरल्या घरचा उपाय आहे. माझं मत, आत्ता दोघांना मिळून पाच लाखांची साधी पॉलिसी, त्यावर सुपर टॉप-अप, आणि आरडी जमेल तेवढीच. प्रीमियम या वयात टोचणार, मान्य. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, आणि ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाकडे जावं लागतं.

पॉलिसी घेताना खोलीभाड्याची मर्यादा नाही ना, एवढं आधी बघा. का ते आकड्यात सांगतो. तीन लाखांची पॉलिसी, खोलीभाडं एक टक्का, म्हणजे रोज ३,०००. पेशंटने ५,००० ची खोली घेतली, पाच दिवस राहिला, बिल झालं दोन लाख:

खोली २५,०००: मिळाले १५,०००
सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग ९५,०००: मिळाले ५७,०००
इम्प्लांट, औषधं, तपासण्या ७४,०००: पूर्ण मिळाले
हातमोजे वगैरे किरकोळ ६,०००: काही नाही

म्हणजे एक लाख ४६ हजार आले आणि ५४ हजार खिशातून गेले. लोकांना वाटतं खोलीचा फरक दहा हजार, तो भरू. पण डॉक्टरांची फीसुद्धा त्याच पाचास-तीन प्रमाणात कापतात. इम्प्लांट आणि औषधांना ही कात्री लावता येत नाही. लावली असेल तर लेखी हरकत घ्या.

नेटवर्कची, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या दवाखान्यांची, यादी बघताना कोल्हापूरवर थांबू नका. आपल्याकडचा मोठा पेशंट मिरज, बेळगाव नाहीतर पुण्याला हलतो. तिथे कॅशलेस आहे का तेही बघून घ्या.

काउंटर_नंबर_तीन
पैसा कुठे ठेवायचा यावर कुणी बोललं नाही, आणि ऐनवेळी घोळ तिथेच होतो.

पतसंस्थेची ठेव आधी हलवा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. अर्धा टक्का जादा व्याजासाठी दवाखान्याचा पैसा तिथे ठेवू नये. पिग्मीचंही तसंच. गल्लीतल्या दुकानदाराला रोजचे शंभर-दोनशे साठवायला ती बरी, पण मुदतीआधी मोडली तर व्याज जवळजवळ जातं.

चार लाखांची एकच पावती करू नका, एक-एक लाखाच्या चार करा. दीड लाख लागले तर दोनच मोडायच्या, बाकी दोन चालू राहतात.

आता नावांचं. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असं लिहिलं की कोणीही कधीही ठेव मोडू शकतो, हा समज चुकीचा आहे. मुदत संपल्यावर एकाची सही पुरते, पण मुदतीआधी मोडताना दोघेही हयात असतील तर बँक दोघांच्या सह्या मागू शकते. एकजण आयसीयूत, दुसरा काउंटरवर उभा, आणि ठेव हलत नाही. नॉमिनीचा तिथे उपयोग नाही, नॉमिनी माणूस गेल्यानंतरचा. उपाय सोपा आहे: निम्म्या पावत्या तुमच्या एकट्याच्या नावावर, निम्म्या वहिनींच्या, आणि पन्नास-साठ हजार जोड बचत खात्यात, दोघांच्या वेगळ्या एटीएम कार्डासह. बचत खात्यातून कुणीही एकट्याने काढू शकतो. नव्या जोड ठेवी करणार असाल तर मुदतपूर्व मोडण्याचं कलम फॉर्मवर लिहून घ्या.

भरतानाचं थोडं. एका पेशंटच्या बिलापोटी दोन लाख किंवा जास्त रोख दवाखान्याला घेता येत नाही, तुकडे करून दिली तरी. दवाखान्याला यूपीआयची मर्यादा पाच लाखांपर्यंत आहे, पण तुमच्या बँकेने स्वतःची कमी ठेवलेली असू शकते. आरटीजीएस रात्रीही चालतं, फक्त नवीन खातं जोडल्यावर पहिले २४ तास बरीच अ‍ॅप थोडीच रक्कम सोडतात. ऑपरेशनची तारीख ठरली की दवाखान्याचं खातं दोन दिवस आधी जोडून ठेवा.

रंकाळा_फेरी
सगळ्यांचे आभार, ठेवी उद्याच बघतो. अजून दोन शंका. एजंट म्हणतोय शुगर फॉर्मवर लिहू नका, पाच वर्षांनी कोणी विचारत नाही. आणि ते सरकारी पाच लाखांचं कार्ड, आमचं रेशनकार्ड पांढरं आहे, त्यामुळे आम्हाला लागू नाही ना?

आरोग्यमित्र_विचारा
एजंट बदला. पाच वर्षांचं तो अर्धंच सांगतोय. ६० महिने सलग पॉलिसी चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, पण फसवणूक त्यात धरत नाहीत. आणि त्या ६० महिन्यांच्या आत दाखल झालात तर केसपेपरवर पहिल्याच ओळीत 'शुगर १० वर्षं' लिहिलेलं असतं. तो पेपर कंपनी मागतेच. उलट शुगर लिहिली तर ३६ महिन्यांनंतर ती हक्काने कव्हर होते. पॉलिसी हातात आली की प्रस्तावाच्या प्रतीत शुगर आणि गुडघा दोन्ही आलेत का ते वाचा. नसतील तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते.

पांढऱ्या कार्डाचं म्हणाल तर ती अट गेली. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाख. आईंचं तर वेगळंच: ७० च्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून आहे. आधार घेऊन केवायसी केली की झालं, त्यांचं आजच काढा.

गुडघ्यासाठी खासगीत तारीख घेण्याआधी सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात, एक चक्कर मारा. रेशनकार्ड, दोघांचं आधार, एक्स-रे आणि सर्जनची चिठ्ठी घेऊन योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्राला दोन प्रश्न विचारा: हे ऑपरेशन पॅकेजच्या यादीत आहे का, आणि असेल तर ते फक्त सरकारी रुग्णालयासाठी राखीव आहे का. राखीव असेल तर खासगी दवाखान्यात, तो योजनेत असला तरी, होणार नाही. आधी मंजुरी, मग ऑपरेशन. आधी पैसे भरू आणि मागाहून योजनेत बसवू, असं इथे होत नाही.

फॉर्म_सोळा
करातलं राहिलं होतं. जुनी करपद्धत घेत असाल तरच कामाचं. साठीच्या पुढच्यांचा मेडिक्लेम नसेल तर दवाखाना आणि औषधांचा प्रत्यक्ष खर्च वर्षाला ५०,००० पर्यंत वजा होतो, रोख दिलेला सोडून. म्हणजे वहिनींच्या शुगरच्या गोळ्यासुद्धा यूपीआयने घ्या आणि बिलावर त्यांचं नाव घाला. पॉलिसी काढली की हीच ५०,००० ची मर्यादा प्रीमियमला लागू होते.

शिरोली_नाका
आणि गुडघा बसवल्यावर इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्जच्या आधी मागून घ्या. कंपनीचं नाव, मॉडेल, बॅच नंबर त्यावर असतो. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे, बिलातला आकडा त्या स्टिकरशी ताडून बघता येतो. एक प्रत बिलाच्या फायलीत, एक घरी. दहा-पंधरा वर्षांनी गुडघा पुन्हा उघडायची वेळ आली तर सर्जन आधी तेच मागेल.