सिलॉजिझममध्ये (दिलेल्या वाक्यांवरून निष्कर्ष काढायच्या प्रश्नांत) 'एकतर १ किंवा २' कधी येतं?

बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय, हा प्रश्न बघा ना. दिलेली वाक्यं: सगळ्या लोकल या गाड्या आहेत, काही गाड्या एसी आहेत. निष्कर्ष १: काही लोकल एसी आहेत. निष्कर्ष २: एकही लोकल एसी नाही. उत्तर 'एकतर १ किंवा २' दिलंय. अहो पण चर्चगेट-विरार एसी लोकल रोज धावते, मग १ च बरोबर नको का?

>> ताई, बाहेरची माहिती आणायचीच नाही, फक्त दिलेली दोन वाक्यं. वेन डायग्राम काढा, लोकलचं वर्तुळ गाडीच्या पूर्ण आत, एसीचं गाडीला कापणारं, आता ते लोकलला शिवतं की नाही हे कुठेच सांगितलेलं नाही म्हणून दोन्ही चित्रं चालतात आणि १ किंवा २ एकटं पक्कं धरता येत नाही.

>> बरोबर. पण 'काही आहेत' आणि 'एकही नाही' यातलं एक खरं असतंच, म्हणून एकतर-किंवा. दोन्हीकडे जोडी तीच हवी हं, इथे लोकल-एसी. 'सगळे आहेत' आणि 'काही नाहीत' हीपण तशीच जोडी.

>> आणि 'सगळ्या लोकल एसी असण्याची शक्यता आहे' असं आलं तर बिनधास्त बरोबर धरा, कारण तसं चित्र काढता येतं.

>> आत्ता कळलं, थँक्यू सगळ्यांना!