भाच्याला काय सांगावे? सायकल शर्यती, डोपिंग आणि चाहत्यांचा विश्वास

प्रश्न (फोंडा)

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे आणि रोज पहाटे सायकलने म्हार्दोळपर्यंत जाऊन येतो. जुलैच्या पावसात ते जमत नाही, म्हणून त्या महिन्यात आम्ही दोघे संध्याकाळी टूर द फ्रान्स पाहत बसतो. १४ जुलै २०२४ रोजी स्लोव्हेनियाच्या ताडेय पोगाचारने प्लाटो द बेय या डोंगराचा चढ चाळीस मिनिटांच्या आत पार केला तेव्हा तो उड्या मारत होता, आणि मी मात्र गप्प बसून होतो. त्याने विचारले, "मामा, तुला आनंद नाही झाला?" मला उत्तर देता आले नाही.

याच चढावर इटलीच्या मार्को पान्तानीने १९९८ मध्ये केलेली वेळ त्या दिवशी तीन मिनिटांहून अधिक फरकाने मागे पडली. पान्तानी डोपिंग (उत्तेजके घेणे) सर्रास चालत असलेल्या काळातला होता, हे आपण जाणतो. १९९९ ची इटलीतील जिरो शर्यत जवळजवळ जिंकलेली असताना रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडून गेल्यामुळे त्याला शर्यतीतून बाहेर काढण्यात आले होते. पोगाचारवर आजवर कोणताही आरोप सिद्ध झालेला नाही, आणि मला त्याच्यावर तो करायचाही नाही. पण मी एकदा पोळलो आहे. अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्रॉन्ग टूर जिंकत होता त्या सात वर्षांत त्याच्यावर शंका घेणाऱ्या मित्रांशी मी कडाक्याने भांडलो, त्यांपैकी एकाशी तर कित्येक महिने बोललो नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने त्याच्या डोपिंगचे पुरावे मांडले आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने स्वतः दूरचित्रवाणीवर कबुली दिली, तेव्हा मला त्या मित्राच्या घरी जाऊन क्षमा मागावी लागली.

भाच्याने तसे पोळावे असे मला वाटत नाही, आणि प्रत्येक विजयाकडे संशयाने पाहायला त्याने माझ्याकडून शिकावे, हेही नको. आपण काय करता?

उत्तर १ (वाळपई)

आपली भीती रास्त आहे. १९९९ साली आर्मस्ट्रॉन्गच्या वेगाची जी कारणे सांगितली जात होती, ती आठवून पाहा: आजारपणानंतर कमी झालेले वजन, पायडल भरभर फिरवण्याची पद्धत, घाटांची आधी जाऊन केलेली पाहणी. यांतली बहुतेक कारणे खरी होती, पण त्यांच्या आड खरे कारण दडलेले होते. आज आपल्याला तासाला शंभर ग्रॅमहून अधिक कर्बोदके, उंचावरील सराव शिबिरे, हलक्या आणि हवा कापणाऱ्या सायकली अशी कारणे ऐकू येतात. तीही खरी आहेत. म्हणूनच केवळ स्पष्टीकरण पटले एवढ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

तरीही घड्याळ हा पुरावा मानायला मी तयार नाही. मी गेली नऊ वर्षे चोर्ला घाट चढतो आहे. सप्टेंबरातल्या दमट सकाळी आणि जानेवारीतल्या गार सकाळी माझ्या वेळेत चार-पाच मिनिटांचा फरक पडतो, आणि पाय तेच असतात. प्लाटो द बेयवर त्या दिवशी पोगाचारचा प्रतिस्पर्धी विंगेगार्ड याच्या संघाने पायथ्यापासून वेग ताणून धरला होता, ही गोष्ट वेळेची तुलना करणारे बहुतेक जण विसरतात.

उत्तर २ (मडगाव)

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षे काम करते, म्हणून या प्रश्नाच्या एका बाजूविषयी थोडे सविस्तर लिहिते.

इपीओ हे मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक आहे आणि ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी तयार करायला सांगते. ते बाहेरून टोचले की पेशी वाढतात आणि स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो. १९९० च्या दशकात ते ओळखणारी मान्य चाचणीच नव्हती. ती २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून वापरात आली. तोवर १९९७ पासून ती ५० टक्क्यांची मर्यादा होती, म्हणजे ४३ टक्के हे ज्याचे नैसर्गिक प्रमाण आहे त्याला ४९ पर्यंत जाण्याची जणू मोकळीकच होती.

२००८ पासून सुरू झालेल्या जैविक पारपत्राने, म्हणजे प्रत्येक सायकलपटूच्या रक्ताच्या नमुन्यांच्या सलग नोंदीने, हा विचारच उलटा केला. त्यात सायकलपटूची तुलना इतरांशी होत नाही, त्याच्या स्वतःच्या आधीच्या नमुन्यांशी होते. बाहेरून रक्त चढवले की शरीर स्वतःचे उत्पादन आवरते आणि कोवळ्या तांबड्या पेशींचे प्रमाण घटते; ती घट बाटलीतले रक्त कोणाचेही असले तरी दिसते. अगदी लहान मात्रा वारंवार घेणारा यातूनही निसटू शकतो, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण २०११ ची व्हुएल्टा ही स्पेनमधील शर्यत जिंकलेला ख्वान होसे कोबो याच पारपत्रामुळे २०१९ मध्ये दोषी ठरला आणि ते विजेतेपद ब्रिटनच्या ख्रिस फ्रूमकडे गेले.

याच फ्रूमवर २०१५ च्या टूरमध्ये रस्त्याकडेच्या एका माणसाने डोपिंगच्या संशयातून लघवी फेकली होती. २०१७ मध्ये दम्याच्या औषधाचे प्रमाण जास्त आढळल्याचे प्रकरणही त्याच्यावर आले आणि जुलै २०१८ मध्ये ते कारवाईविना बंद झाले. ज्याला रस्त्यावर शिक्षा देण्यात आली, तोच एका शर्यतीत फसवला गेलेला निघाला. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

प्रश्नकर्ता (फोंडा)

ताई, कोबोचे प्रकरण मला ठाऊकच नव्हते. मग निकाल खरा मानण्यासाठी आठ-दहा वर्षे थांबावे, असे आपले म्हणणे आहे का? चौदा वर्षांच्या मुलाला ते कसे पटावे?

उत्तर २ (मडगाव)

थांबू नये. आनंद त्याच दिवशी करावा. नमुने दहा वर्षांपर्यंत पुन्हा तपासता येतात एवढे त्याला सांगून ठेवावे. मुलांना हे आपल्यापेक्षा सहज समजते.

उत्तर ३ (म्हापसा)

आपण सगळे जिंकणाऱ्याविषयीच बोलत आहोत. मला दुसरीकडे लक्ष वेधायचे आहे. विश्वास ठेवताना आपली खरी चूक आर्मस्ट्रॉन्गला टाळ्या देण्यात झाली, असे मला वाटत नाही. जे खरे बोलत होते त्यांना आपण खोटे ठरवले, ही चूक झाली. १९९९ च्या टूरमध्ये क्रिस्तोफ बासों हा फ्रेंच सायकलपटू डोपिंगविषयी उघडपणे लिहीत होता. बाकीच्या सायकलपटूंनी त्याला एकटे पाडले, आर्मस्ट्रॉन्गने त्याला निघून जायला सांगितले आणि तो शर्यत सोडून गेला. आर्मस्ट्रॉन्गच्या संघात मालिश करणाऱ्या एमा ओ'रायली यांनी त्याला चाचणीतून सोडवण्यासाठी केलेल्या मागील तारखेच्या औषधचिठ्ठीविषयी सांगितले, तेव्हा त्यांची बदनामी झाली आणि त्यांना खटल्याला तोंड द्यावे लागले. त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले. आपण ज्या मित्राशी बोलणे टाकले होते, तोही त्यांच्याच बाजूचा होता, आणि त्याच्या घरी गेलात हे आपण योग्य केले.

म्हणून भाच्याला पोगाचारवर विश्वास ठेव किंवा ठेवू नको, असे सांगूच नका. इटलीचा सायकलपटू फिलिप्पो सिमेओनी याच्याविषयी सांगा. त्याने आर्मस्ट्रॉन्गलाही सल्ला देणाऱ्या मिकेले फेरारी या डॉक्टरविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली होती. २००४ च्या टूरच्या अठराव्या टप्प्यात तो आघाडीच्या छोट्या गटाकडे निघाला, तेव्हा एकूण क्रमवारीत त्याच्यापासून कोणताही धोका नसताना पिवळ्या जर्सीतला, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिला असलेला, आर्मस्ट्रॉन्ग स्वतः त्याच्या मागे धावला. आर्मस्ट्रॉन्ग त्या गटात राहिला असता तर आघाडीवरच्या इतरांची संधी बुडाली असती, म्हणून अखेर सिमेओनी मागे फिरला. त्या टप्प्याचे चित्रीकरण आजही पाहायला मिळते. पिवळ्या जर्सीकडे न पाहता भाच्याने सिमेओनीकडे पाहावे, आणि त्यानंतर त्याला काय वाटते ते आपण त्याच्याकडूनच ऐकावे.