बहिणीचं नाव सातबाऱ्यातून सुटलं: आधी एसडीओ की थेट दिवाणी कोर्ट?

धुऱ्यावरचा
'जिवंत सातबारा' मोहीम बुलढाण्यातून निघाली आणि १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर लागू झाली. मयतांची नावं कमी होऊन वारस चढू लागले, चांगलंच आहे. पण यादीच अर्धवट दिली तर? गावात राहणारे दोघं भाऊ चढतात, लग्न होऊन गेलेली बहीण राहते. मयताची म्हातारी आईसुद्धा हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाची वारस, म्हणजे मुलांबरोबरची हिस्सेदार असते, ती तर कोणाच्या ध्यानातच नसते.

माझं मत असं, की लगेच वकील धरून दावा टाकू नये. फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) अजून प्रमाणित व्हायचा असेल तर नोटिशीच्या १५ दिवसांत पटवाऱ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित करून टाकला असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली एसडीओकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील, मुदत ६० दिवस. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज सोबत. फेरफाराची प्रमाणित नक्कल, मृत्यू दाखला आणि बापाचं नाव असलेला बहिणीचा शाळेचा दाखला, एवढ्यावर नाव चढते.

तारीख पे तारीख
नाव चढेल भाऊ, वावर नाही मिळणार. फेरफारानं मालकी ठरत नाही हे सुप्रीम कोर्टानं कितीदा तरी सांगितलं आहे. त्याच महसूल संहितेचं कलम १५७ नोंद खरी धरते, तेही उलट सिद्ध होईपर्यंतच. अपील तारखांवर लोंबकळत असतं, तेवढ्यात भाऊ त्याच सातबाऱ्यावर दोन एकर विकून मोकळा होतो. नोंदणी झालेलं खरेदीखत रद्द करणं एसडीओच्या हातात नाही. म्हणून आधी वाटणीचा दावा आणि त्याच दिवशी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ खाली विक्रीला मनाईचा अर्ज.

धुऱ्यावरचा
दावा जिंकला म्हणजे धुरा (हद्दीचा बांध) पडला असं होते का? आधी प्राथमिक हुकूमनामा, त्यात फक्त हिस्से ठरतात. मग सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्याकडे जाते, तिथून तहसील, तिथून भूमी अभिलेखची मोजणी. फिरून महसुलातच यायचं आहे. आणि कोर्टाचा खर्च शेतमजुरी करणाऱ्या बाईनं कुठून आणावा?

हक्काची ताई
खर्चाचं कारण दोघांनीही पुढं करू नये. १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रात मालमत्तेच्या काही वादांत बायांना कोर्ट फी माफ आहे; आपला दावा त्यात बसतो का ते आधी विचारून घ्या. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे बाई, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, दिव्यांग, यांना मिळकत कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. अर्ज तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे, नाहीतर १५१०० वर फोन. मात्र अर्जात "वकील द्या" एवढंच लिहू नका. मौजा, गट नंबर, फेरफार क्रमांक, प्रमाणित झाल्याची तारीख आणि विक्रीची भीती असेल तर ती, सारं लिहा. नाहीतर वकिलाचे पहिले कित्येक दिवस कागद गोळा करण्यातच जातात.

आणि लोकन्यायालयात तडजोड करताना सही जपून. तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही.

झाडीपट्टी
तुमची भांडणं वऱ्हाडातली. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडं आधी १९५४-५५ चा अधिकार अभिलेख काढा. मालगुजारी (सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची पद्धत) १९५१ मध्ये गेली, त्यानंतर कोणाच्या नावे काय लागलं ते त्यात दिसते. निस्तार पत्रकही (गावाच्या चराई-सरपणासारख्या सामाईक हक्कांच्या जमिनींची नोंद) पाहा. खासगी समजून दाव्यात टाकलेला नंबर निस्ताराचा किंवा झुडपी जंगलाचा (झुडपांची जमीन म्हणून सरकारी नोंद असलेला) निघाला तर अख्ख्या दाव्याची पंचाईत. भोगवटादार वर्ग २ (सरकारनं अटीवर दिलेली जमीन) असेल किंवा आदिवासी खातेदार असेल तर हस्तांतराला परवानगी लागते (आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जात असेल तर महसूल संहितेचं कलम ३६-अ), त्याशिवाय झालेल्या विक्रीवर बोलायची दिशाच बदलते.

तारीख पे तारीख
हे पटलं. आणखी एक खोटा रस्ता सांगतो: महसूल संहितेचं कलम १५५. अर्जनवीस तहसीलदाराकडे "चूक दुरुस्ती" म्हणून अर्ज लिहून देतात. ते कलम लेखनदोषाचं, किंवा सगळ्यांनी कबूल केलेल्या चुकीचं. भाऊ नाकारतो आहे म्हटल्यावर तिथं काही होत नाही, आणि अपिलाचे ६० दिवस निघून जातात.

धुऱ्यावरचा
१५५ बद्दल वाद नाही. विक्रीची चाहूल असेल तर मनाईचा अर्ज आधी, हेही मान्य. पण भाऊ विकणार नाही, फक्त नाव राहून गेलं, अशा घरात दावा टाकला की राखी-भाऊबीज दोन्ही बंद. तिथं मी अपीलच म्हणीन.

हक्काची ताई
त्याच गोड घरात स्टॅम्प पेपरवर "हक्क सोडला" लिहून घेतात ना राजेहो. नोंदणी नसलेल्या त्या कागदानं हक्क सुटत नाही. पटवाऱ्यानं तो घेऊन नाव कमी केलं असेल तर अपिलात पहिला मुद्दा तोच घ्या.